चार्जर लावून ठेवा

पत्रक लिहायचं मला रीतसर शिकवलेलं आहे. पहिल्या पानावर कोण लुटतंय. दुसऱ्यावर कसं लुटतंय. तिसऱ्यावर लुटली गेलेली माणसं, त्यांच्याच शब्दांत. चौथ्यावर, काय करायचं. हे चौथं पान भिंतीला चिकटवता आलं पाहिजे, म्हणून ते सोपं आणि हुकमी लिहायचं. 'कदाचित' हा शब्द पत्रकात येत नाही. ज्यांनी शिकवलं ते म्हणायचे, शंका असेल तर ती घरी ठेवून यायचं.

मी ठेवून आले होते. हे सगळं त्या चौथ्या पानाबद्दलच आहे.

माझे बाबा रेल्वेत. नागपूरहून त्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा मी चौथीत होते. शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी, मराठी फक्त क्वार्टरच्या दाराच्या आत. कॉलेज संपल्यावर बँकेच्या परीक्षा द्यायच्या सोडून मी घरोघर डबे आणि किराणा पोचवणाऱ्यांची संघटना बांधायच्या कामाला लागले. आईच्या मते ते काम नव्हतं. "पगार नाही त्याले काम नाही म्हणत," असं ती म्हणायची, आणि पोळी मात्र गरम वाढायची.

सी-स्कीममध्ये एका बँकेच्या मागे गल्ली आहे. तिथे कडुलिंबाची सावली पडते, आणि जयपूरच्या उन्हात सावली हाच आमचा सभामंडप. ऑर्डरची वाट बघणारे तिथे गाड्या लावून बसतात. त्यांत चार-पाच बायका. सगळ्यांच्या बॅटरीवाल्या स्कूटी, त्या हळू चालणाऱ्या, ज्यांना लायसन्स लागत नाही. त्या बायकांमध्ये जी सगळ्यांत जास्त हसायची तिला मी जीजी म्हणायचे. इकडे मोठ्या बहिणीला जीजी म्हणतात. ती बोलायची ढूंढाडी, म्हणजे जयपूरकडची बोली, मिसळलेल्या हिंदीत. मी ते माझ्या भाषेत आणते आहे, तेवढी चोरी पोटात घाला.

जीजी जयपूरजवळच्या चाकसूची. नवरा दुसरं घर करून निघून गेलेला. ती सासरीच राहात होती, जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, हुकमाखाली. मुलगी सहावीत गेली तेव्हा तिने हट्ट धरला की हिला जयपूरच्या शाळेत घालणार, मी तिथे कमावणार. जेठाने बराच आरडाओरडा करून शेवटी एक अट घातली. गाडी चालते आहे तोवर राहा. गाडी बंद पडली की मुलीला घेऊन गुपचूप घरी यायचं, परत तोंड उघडायचं नाही. जीजी हे हसत सांगायची, जणू बसचं वेळापत्रक सांगते आहे. पण सावलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, की जीजीचं जयपूर त्या सीटखालच्या डब्यात आहे.

डबाच तो. पत्र्याचा, वर मूठ, दहाएक किलोचा. जीजीची खोली सांगानेरला एका गच्चीवर, वर पत्रे. रोज संध्याकाळी ती डबा काढून कडेवर घेऊन तीन जिने चढायची. कोणी म्हणालं, जीजी, जड आहे की गं, तर म्हणायची, "नवऱ्याइतका जड नाही. आणि हा पिऊन येत नाही."

त्या हिवाळ्यात सगळ्यांच्या बॅटऱ्या लवकर उतरायला लागल्या. शोरूममध्ये गेलं की एकच उत्तर: तुम्ही लोक काळजी घेत नाही. 'तुम्ही लोक.' हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं, अजूनही. मी सावलीत उभी राहून म्हणाले, काळजी कशी घेतात ते आपणच छापू. मग बघू, हे काय तोंड घेऊन बोलतात.

आणि बॅटरीबद्दल विचारायला मला कुठे लांब जायचं होतं? बाबा तीस वर्षांवर डब्यांच्या दिवे-पंख्यांच्या खात्यात होते, आता निवृत्त. आगगाडीच्या डब्याखाली लोखंडी पेट्या असतात, त्यांत बॅटऱ्या. त्या पेट्यांपुढे उकिडवे बसून बाबांचे गुडघे गेले. ॲसिडच्या थेंबांनी त्यांच्या प्रत्येक पँटला बारीक भोकं पडलेली असायची, आई त्यांना चाळणी म्हणायची. सूचना हव्यात म्हटल्यावर बाबांनी चष्मा लावला, खुर्ची सरळ केली. माझ्या कामाबद्दल त्यांनी आजवर एक चांगला शब्द काढला नव्हता. त्या दिवशी म्हणाले, "लिही."

मी लिहिलं.

"बॅटरीले उपाशी ठेवाचं नाही. हे पयलं. उपाशी राहिली का आत पांढरं साचते, मंग ते मेलीच समज. गाडीवरून उतरल्याबरोबर चार्जिंगले लावाची. थांबाचं नाही. गाडी चार दिवस उभी राहणार असन, तरी चार्जर लावून ठेवाचा. भरलेली बॅटरी म्हातारी होत नाही."

"आणि लाल दिवा-हिरवा दिवा असतो त्याचं?"

"लाल म्हंजे भूक, हिरवा म्हंजे ढेकर. हिरव्यावर राहू द्याची."

मी ते जसंच्या तसं हिंदीत उतरवलं. चौथ्या पानाचं चौथं कलम असं झालं: बॅटरी नेहमी पूर्ण भरलेली ठेवा, गाडी चालवायची नसली तरी चार्जर लावून ठेवा. खाली हिरव्या दिव्याचं चित्र. छापून आलेलं पत्रक बाबांनी हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि एक प्रत देवळीतल्या बुद्धमूर्तीशेजारी ठेवली.

इथे एक गोष्ट सांगायची राहते, ती आत्ताच सांगते, नाहीतर शेवटपर्यंत टाळत राहीन. पत्रक छापायच्या आधी जीजीने मला तिच्या गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आणून दिली होती. "यात बॅटरीचं काही आहे का बघ ना. मला इंग्रजी कुठं येतं?" जाडजूड पुस्तिका, मुंगीएवढी अक्षरं. मी चार पानं चाळली आणि तिच्या पिशवीत परत टाकली. म्हणाले, "कंपनीचा कागद कंपनीला वाचवायला असतो, आपल्याला नाही." सावलीत टाळ्या पडल्या. मला ते वाक्य इतकं आवडलं की पुढच्या पत्रकात मी ते मोठ्या अक्षरात घातलं.

होळीनंतर चाकसूला शीतला मातेची जत्रा भरते. जीजी मुलीला घेऊन गेली, जायच्या आधी कलम चारप्रमाणे बॅटरी चार्जरला लावून. किल्ली खालच्या शेजारणीकडे. अष्टमीच्या दिवशी तिचा फोन आला. मागे भोंग्यावर भजन, पिपाण्या, कुणीतरी कुणाला तरी शोधत ओरडत होतं.

"ऐक गं, एक विचारायचं होतं. आज आमच्याकडे चूल पेटवत नाहीत. बासोडा. कालचं थंड खायचं, राबडी, पुए. मातेला गरम चालत नाही."

"माहीत आहे. मग?"

"सासू म्हणते, जयपूरला शेजारणीला फोन कर आणि ते बटण बंद करायला सांग. म्हणते, त्या डब्यात आगच असते ना? आजच्या दिवशी घरात कुठं आग नको."

मी हसले. मोठ्याने हसले. मग तिला ऐकवलं. की देवी वगैरे ठीक आहे, पण विज्ञान वेगळं, बॅटरी वेगळी, आणि याच भोळेपणाचा फायदा घेऊन कंपन्या तुम्हाला लुटतात. की सासूचं ऐकून बॅटरी उपाशी मारू नको. पत्रकात काय लिहिलंय?

"चार्जर लावून ठेवा," ती शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली.

"मग?"

"मग ठेवते. सासूला सांगते, बंद केलं म्हणून." आणि हसून, "मातेला तू समजाव."

सासूला ताप आला, जीजीला दहा दिवस राहावं लागलं. दहा दिवस तो डबा मार्चच्या उन्हात, पत्र्याखाली, हिरवा दिवा लावून बसून होता.

एप्रिलमध्ये तिची गाडी सी-स्कीमहून सांगानेरला पोचेपर्यंत शेवटचा चढ ढकलत न्यावी लागायला लागली. मी म्हणाले, पूर्ण भरत नसशील. ती म्हणाली, हिरवा लागेपर्यंत काढतच नाही. मी म्हणाले, मग आणखी ठेव. खरंच असं म्हणाले.

मे महिन्यात, बुद्धपौर्णिमा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी, सावलीत जीजीने सीट उघडली आणि डबा बाहेर येईना. मूठ धरून ओढला, हलेना. मी हात लावला. मग तिने ओढणी मुठीला बांधली, दोघींनी मिळून ओढला, तेव्हा तो खरडत वर आला. दोन्ही बाजूंनी फुगलेला. जेवून पोट पुढे आलेल्या माणसासारखा. बायकांपैकी एक म्हणाली, "जीजी, कितवा महिना?" सगळ्या हसल्या, जीजी पण हसली. मग कुणी हसेना.

गाडी वॉरंटीत होती. मी म्हणाले, चल. मी असताना कोण नाही म्हणतो ते बघते.

शोरूम थंडगार. काउंटरमागचा मॅनेजर माझ्याच वयाचा, कंपनीचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याने आधी डबा बाहेर उघड्यावर ठेवायला लावला, फुगलेला आत नको म्हणाला. मग एक वायर जोडून लॅपटॉपवर काहीतरी उघडलं. त्याने काही बोलायच्या आत मी सुरू झाले. आता हे म्हणू नका की बाई काळजी घेत नाही. ही बाई बॅटरी कडेवर घेऊन तीन जिने चढते. आम्ही सगळ्यांना काळजी घ्यायला शिकवलंय. तोंडी नाही, छापून. आणि मी पत्रक काउंटरवर आपटलं.

त्याने ते उचललं. शांतपणे वाचायला लागला, बोट ठेवून. टर्मिनल साफ ठेवा. "अच्छा है." पावसात झाकून ठेवा. "बहुत अच्छा." उतरल्याबरोबर लगेच चार्जिंगला लावा. तिथे तो थांबला. मग चौथं कलम. ते त्याने दोनदा वाचलं.

"मॅडम, ये आपने लिखा है?"

"जी हाँ." मान ताठ करून.

"इसकी एक कॉपी मिलेगी?"

"एक का? दोन घ्या."

दोन दिल्या.

त्याने लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. एक निळी रेघ वर-खाली जात होती आणि बहुतेक वेळ अगदी वर टेकलेली होती. बॅटरी किती भरलेली, ती रेघ. तिच्याखाली लाल रेघ, ती किती तापली त्याची. मार्चमध्ये एका जागी निळी रेघ सरळ, हलत नव्हती. त्याने बोट ठेवलं. "दस दिन. प्लग में ही था." मग जीजीच्याच पिशवीतली पुस्तिका मागून घेतली आणि पान उघडून माझ्यासमोर धरली. तिला नाही, मला.

इंग्रजी होतं. मला येतं इंग्रजी. या बॅटरीला भरून ठेवणं मानवत नाही, असं लिहिलं होतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर निम्म्यावर ठेवा, चार्जर काढा, थंड जागी ठेवा. गाडीवरून काढल्यावर आधी निवू द्या, मग चार्ज करा. पान सत्तावीस. मी चार पानांनंतर थांबले होते.

"काय लिहिलंय?" जीजीने विचारलं.

"नंतर सांगते."

नकाराच्या कागदाला त्याने स्टेपलरने माझं पत्रक जोडलं. वापरातली चूक, पुरावा सोबत. तो माणूस उद्धट नव्हता, हे लिहायला मला जड जातं. दाराशी येऊन म्हणाला, पुस्तिका हिंदीत काढा असं तो वर तीनदा कळवून चुकला आहे.

मी कंपनीला माफ करत नाही. आठवी शिकलेल्या बाईला गाडी विकायची आणि तिच्या पोटापाण्याची ओळ सत्ताविसाव्या पानावर मुंगीच्या अक्षरात परक्या भाषेत लपवायची, याला मी आजही लबाडीच म्हणते, आणि पत्रक काढायचं झालं तर पहिल्या पानावर हेच लिहीन. पण ती ओळ वाचू शकणारी एक बाई त्या सावलीत होती. ती टाळ्या घेण्यात गुंतली होती.

फुटपाथवर मी जीजीला सगळं सांगितलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती डब्याकडे बघत राहिली.

"म्हणजे त्या दिवशी सासू बरोबर म्हणत होती."

"तिचं कारण वेगळं होतं, जीजी."

"कारण जाऊ दे. बंद कर म्हणत होती ना?" मग मान वर करून, "मी तुला विचारलं होतं."

"हो. विचारलं होतंस."

डबा रिक्षात घालून मी घरी आणला. बाबांनी तो अंगणाच्या कोपऱ्यात वाळूवर ठेवायला लावला. मग आतून जुन्या टॉवेलात गुंडाळलेली काचेची नळी आणली. सेलमधलं ॲसिड ओढून बॅटरीची तब्येत बघायची ती. निवृत्त होताना त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली. गुडघे दुखत असताना उकिडवे बसले आणि डब्याभोवती हात फिरवायला लागले. एक बाजू. दुसरी बाजू. खाली.

"ह्याले टोपणं कुठं हायेत?"

"नाहीत, बाबा."

"मंग पाणी कुठून टाकाचं?"

"पाणी लागत नाही याला. ही वेगळ्या जातीची, लिथियमची."

"मतलब?"

मी सत्ताविसावं पान मराठीत सांगितलं. ते नळी हातात धरून ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "म्हंजे मी सांगतलं ते सगळं उलटं."

"तुमचं तुमच्या बॅटऱ्यांसाठी बरोबर होतं."

"मले दाखवाची होती ना आधी," ते म्हणाले. "एकदा दाखवाची होती."

इतके दिवस मी बॅटरी-बॅटरी करत होते आणि बाबांसमोर एकदाही ती आणून ठेवली नव्हती. बॅटरी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे डब्याखालची पेटी, माझ्या डोळ्यांपुढे पत्रक. आई दारात उभी होती. म्हणाली, "बाप-लेकीनं मिळून त्या बाईची गाडी खाल्ली." त्या संध्याकाळी बुद्धमूर्तीशेजारची प्रत तिथे नव्हती. कुणी काढली ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेली पत्रकं घेऊन सावलीत गेले आणि प्रत्येकावर तिसरं आणि चौथं कलम पेनने खोडायला लागले. एका भैयाने बघितलं. "पहले बोला पेट भर के खिलाओ, अब डाइटिंग? मॅडमजी, कल क्या बोलोगी, रोज़ा रखवाओ?" हशा पिकला. मी समजावत होते, ते ऐकत होते, आणि मला दिसत होतं की विश्वास बसत नाही. का बसावा? जे पत्रक मी शंका घरी ठेवून लिहिलं होतं ते त्यांनी घरी भिंतीला चिकटवलं होतं. आता मी 'असं असू शकतं', 'गाडीप्रमाणे बघा' असं बोलत होते. असल्या बोलण्यावर कोण बॅटरी काढून ठेवतो? नवी बॅटरी म्हणजे जवळजवळ नवी गाडीच. जीजीसाठी वर्गणी काढू म्हटलं, तर ज्यांच्याकडून काढायची त्यांचेच डबे फुगायला आले होते.

जेठ तिसऱ्या दिवशी आला. भांडला नाही. अट ठरली होतीच. मुलीचा शाळेचा दाखला काढताना त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "यही हैं क्या, पर्चेवाली?" जीजी म्हणाली, "हाँ. म्हारी छोटी बहन है."

टोंक रोडला बस थांबली. गादी, भांडी, मुलीचं दप्तर वर चढलं. जीजीच्या हातातल्या पिशवीतून वायर लोंबत होती. चार्जर.

"हा कशाला नेतेस? गाडी तर आमच्या अंगणात आणून ठेवली आहे."

"तू तक्रार करणार आहेस ना? बॅटरी मिळाली तर चार्जर लागेल. इथे राहिला तर हरवेल."

मुलगी खिडकीशी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

तक्रार मी केली. ग्राहक मंचात. वकीलबाईंनी कागद बघितले आणि पहिलं वाक्य हे म्हणाल्या, "पत्रक तुम्ही त्यांना दिलंच का?" तारीख पडते, पुढची पडते. कंपनीच्या बाजूने प्रत्येक वेळी तोच कागद वर असतो, माझाच, हिरव्या दिव्याच्या चित्रासकट. मुंगीच्या अक्षरांचा मुद्दा मी मांडला आहे. वकीलबाई म्हणतात, मुद्दा चांगला आहे. त्या ज्या आवाजात म्हणतात त्यावरून कळतं, की तो टिकणार नाही.

जीजीची गाडी अंगणात आहे. बाबांनी तिच्यावर जुनी ताडपत्री घातली आहे. दर रविवारी ते ताडपत्री उचलतात आणि पंपाने दोन्ही चाकांत हवा भरतात. टायर बसला की खराब होतो, हे त्यांनी आधी शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारून घेतलं.

सुरुवातीला जीजी आठवड्याला फोन करायची. विचारायची, "हिरवा लागला का?" म्हणजे तक्रारीचं काय झालं. मी म्हणायचे, अजून लालच. ती हसायची. मुलगी गावातल्या शाळेत जाते का, हे मी विचारलं की म्हणायची, जाते, कधी जाते. मग फोन पंधरवड्यावर गेला. आता मीच करते आणि जेठ उचलतो.

गेल्या रविवारी त्याने उचलला. म्हणाला, ती शेतात आहे, आणि ती गाडी कुणी भंगारवाला नेत असेल तर देऊन टाका. चार्जरही पाठवतो, म्हणाला, इथे कुणाच्या कामाचा नाही.

अंगणात बाबा पंप मारत होते. न थांबता विचारलं, "काय म्हणे?"

"काही नाही," मी म्हणाले. "शेतात आहे."

त्यांनी टायर अंगठ्याने दाबून बघितला आणि मागच्या चाकाकडे वळले.